सातवी पायरी

पुण्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत मी साउंडचं काम बघतो. सध्या एक सर्व्हायव्हल हॉरर गेम चाललाय. दुमजली वाडा, रात्रीची वेळ, हातात जुनं पिस्तूल, मोजक्या गोळ्या आणि घरभर फिरणारा ‘तो’. त्याच्या पावलांसाठी मी वाईला मामाकडे जाऊन तिथला लाकडी जिना रेकॉर्ड केला. त्या जिन्याची सातवी पायरी करकरते. गेममध्येही ती तशीच ठेवली.

त्या शनिवारी प्लेटेस्ट होती, म्हणजे बाहेरच्या लोकांकडून गेम खेळवून बघायचा. सकाळी कॉलेजातला एक मुलगा बसला. पहिल्यांदा पावलं वाजली तेव्हा तो खुर्चीतून उडालाच. पण पंधरा मिनिटांत त्याची भीती पार गेली. कानाशी पावलं वाजतायत आणि हा खुशाल पळत सुटलाय. तीनदा मेला, आणि तिसऱ्यांदा तर मरता मरता जांभई दिली. विचारलं तर म्हणाला, “दादा, आवाज कायमच येतोय. मग ऐकून करायचं काय?”

बिल्ड, म्हणजे गेमची त्या दिवशीची आवृत्ती, उघडून बघितला. आदल्या रात्री फाइल्स बदलताना माझ्या हातून पावलांची अंतराची सेटिंग उडाली होती. ‘तो’ माडीवर असो नाहीतर दाराबाहेर, आवाज सारखाच. बंद दाराआडून तो दबका यायला हवा, तेही नाही. ही चूक मला फार लागली, कारण अशा गेमचा जीवच या आवाजात असतो. १९९९च्या ‘सायलेंट हिल’मध्ये राक्षस जवळपास असला की खिशातला रेडिओ खरखरतो. सगळीकडे धुकं (ते धुकंही मुळात त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबचं दृश्य झेपत नव्हतं म्हणून आलेलं), डोळ्यांना काही दिसत नाही, पण रेडिओ सांगतो की काहीतरी आहे. कुठे आहे, ते तुम्ही शोधायचं. त्या अर्धवट कळण्यानेच पोटात गोळा येतो. आमच्या पावलांवर विश्वास ठेवायची सोयच उरली नव्हती, त्यामुळे भ्यायलाही कारण उरलं नव्हतं.

आमच्यातला एकजण म्हणाला, माडीवरून त्याला थेट अंगावर टाकू, लोक किंचाळतील. मी अडून बसलो. दचकवणं सोपं असतं, पण तिसऱ्या खेपेला कोणी दचकत नाही. २०१४च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये खेळाडू कुठे आहे हे पडद्यामागच्या सूत्रधाराला, म्हणजे गेमच्याच एका प्रोग्रामला, ठाऊक असतं, पण तो एलियनला फक्त साधारण भाग सुचवतो. पुढे एलियनला स्वतःच्या डोळ्याकानांनीच शोधावं लागतं. म्हणून तिथे कपाटात लपून वाचलो की ते वाचणं आपण कमावलेलं वाटतं. मला आमच्या वाड्यात तेच हवं होतं.

तीन वाजता दुरुस्त बिल्ड लावला. यावेळी एक मुलगी होती. हेडफोन लावून बसली आणि पहिली दहा मिनिटं जवळजवळ चाललीच नाही. नुसती ऐकत होती. पावलं लांब गेली की चार पावलं पुढे. जवळ आली की अंगठा स्टिकवरून उचलायची, आणि खरा श्वासही रोखायची. एका फडताळात तिला तीन गोळ्या सापडल्या. “तीन!” ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरून लोक डोकावले. महिन्यापूर्वी आम्ही त्याच फडताळात बारा ठेवत होतो, तेव्हा कोणी वळूनही बघत नसे.

पुढे माजघरात ‘तो’ समोरच आला. दोन गोळ्या चुकल्या, तिसरी लागली, ‘तो’ अडखळला, ही पळाली आणि देवघरात शिरून दार लावून घेतलं. देवघर म्हणजे आमची सेव्ह रूम, खेळ जतन करायची सुरक्षित खोली. तिथे ‘तो’ येत नाही. १९९६च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये जिथे टाइपरायटरवर खेळ जतन करतात त्या खोलीत मऊ संगीत लागतं, आम्ही फक्त समईची मंद तडतड ठेवली आहे. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला, तळवे ओढणीला पुसले, आणि गेममधली पिशवी उगाचच चारदा उघडून लावली. आत काहीच नवीन नव्हतं. पण चेहऱ्यावर परीक्षा संपल्यासारखं हसू होतं.

दाराबाहेरून पावलं गेली. प्रोग्रामरने मला हळूच विचारलं, “इथे तरी बंद करायची का?” मी मान हलवली. नको.

पावलं जिन्याकडे वळली. तिने डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात मोजायला लागली. चार, पाच, सहा. पायरी करकरली. तिने डोळे उघडले, कंट्रोलर उचलला आणि कडी काढली.