सायनोटाइप: निळा रंग टिकवायचा तर पाणी बघा

सायनोटाइप म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळं चित्र उमटवायची छायाचित्रणाची पद्धत. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधलेली ही पद्धत साताऱ्याच्या गच्चीवर सहज जमते. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. बाटल्या वेगळ्या, गडद काचेच्या. लागेल तेवढंच समसमान मिसळून मंद पिवळ्या दिव्यात कागदावर पातळ हात मारा आणि अंधारात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात कागद ओलसर राहतो, मग पांढरा भागही निळसर येतो.

वर शेवग्याची डहाळी, त्यावर काच. (कासची फुलं मात्र तोडायची नाहीत!) दुपारच्या उन्हात 8-10 मिनिटं, उघडा भाग राखाडी-करडा झाला की उचला. घाई केलीत तर निळा धुण्यातच वाहून जातो.

खरी गडबड धुताना होते. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर निळा फिका पडतो. म्हणून पहिल्या पाण्यात लिटरमागे दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, मग पिवळेपणा जाईपर्यंत साधं पाणी. साबण, धुण्याचा सोडा लांबच.

प्रिंट कुणाला देताना मागे पेन्सिलीने लिहा: सतत उन्हात टांगू नका, फिकी पडलीच तर काही दिवस अंधारात ठेवा, निळा बराचसा परत येतो.