एका बाकावरच्या दोघी

न्यू जर्सीतील एडिसनमध्ये माझी मुलगी आणि तिची मैत्रीण पहिलीपासून एकत्र वाढल्या. रविवारच्या मराठी शाळेत त्या एका बाकावर बसत, गणेशोत्सवात एकाच नाचात उभ्या राहत आणि ओक ट्री रोडवर पाणीपुरी खाताना शेवटच्या पुरीसाठी भांडत. दोघींचेही वडील संगणक क्षेत्रातले. फरक एवढाच की माझी मुलगी येथे जन्मल्यामुळे अमेरिकेची नागरिक होती, आणि पुण्यात जन्मून चौथ्या वर्षी आलेली तिची मैत्रीण वडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, म्हणजे कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर होती.

सोळाव्या वर्षापर्यंत मुलींना हा फरक जाणवला नाही. त्या उन्हाळ्यात माझी मुलगी आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागली. मैत्रिणीला पगारी काम करण्याची परवानगी नव्हती, म्हणून ती ग्रंथालयात विनावेतन पुस्तके लावत असे. "अभ्यास महत्त्वाचा," असे तिची आई सर्वांना सांगे. पुढे कॉलेजसाठी केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्जही एकीलाच भरता आला. आमच्या मंडळात घराच्या हप्त्यांविषयी तासन्‌तास बोलणे होते, व्हिसाविषयी मात्र मुलांसमोर कोणी बोलत नाही, आणि हे मौन मला फार खुपते, कारण त्यामुळे मुले कायद्याची अडचण स्वतःची उणीव समजू लागतात.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची, म्हणजे कायम निवासाच्या परवान्यांची, वार्षिक मर्यादा सुमारे १,४०,००० ठरवली असून, कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील साधारण ७ टक्क्यांपर्यंतच वाटा मिळतो; त्यामुळे भारतीयांची रांग अतिशय हळू सरकते. दरम्यान मूल २१ वर्षांचे झाले की एच-४ संपतो आणि बहुतेकदा वडिलांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातील त्याची जागाही जाते. लहानपणी अमेरिकेत आलेल्यांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या डाका योजनेतही अशा मुलांना स्थान नव्हते, कारण ती योजना वैध व्हिसा नसलेल्यांसाठी होती. नियम पाळून आलेल्या कुटुंबाच्या मुलीला नियम पाळल्यामुळेच दार बंद व्हावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

एकविसाव्या वर्षी तिने विद्यार्थी व्हिसा घेऊन पदवी पूर्ण केली आणि नंतर ती टोरंटोला गेली. दोघी रोज रात्री फोनवर बोलतात, आणि सुट्टी मिळताच माझी मुलगी गाडी घेऊन तिकडे जाते. मला काकू म्हणणारी ती मुलगी आता तेथे कायम निवासासाठी अर्ज करत आहे. तिचे आईवडील अजून एडिसनमध्ये, त्याच रांगेत आहेत.