लेबलवर माझी सही होती

तिजोरीतून निघालेल्या प्लास्टिकच्या डबीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘इमर्जन्सी बूट व रूट, १४-९-१९९९’. खाली माझी सही. डबी उघडली तर ओल्या गोणपाटासारखा वास आला. संगणक सुरू होईना तर तो सुरू करायला ठेवलेल्या या दोन्ही फ्लॉप्यांच्या चकत्यांवर पांढरी बुरशी चढलेली.

ही २०१४च्या जुलैतली गोष्ट. चिपळूणमधली एक पतसंस्था अवसायनात, म्हणजे बंद करून हिशेब मिटवायच्या प्रक्रियेत, निघाली होती. कर्जदारांविरुद्ध सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवायचा तर अर्जाला खातेउतारे जोडावे लागतात. थकलेली मोठी कर्जं सगळी जुनी, आणि त्यांची लेजर तळमजल्यावर होती. २००५च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं त्यात ती गेली. उरला माडीवरचा संगणक. १९९८ साली मीच त्यावर एससीओ ओपनसर्व्हर ५.०.४ ही युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम बसवली होती, फॉक्सप्लस या डेटाबेसमधल्या खातेवहीच्या प्रोग्रॅमसकट. संस्थेला कुलूप लागल्यापासून तीन वर्षं तो झाकून ठेवलेला होता. अवसायक साहेबांनी चालू करायला लावला, तर पडद्यावर एकच ओळ आली: स्टेज १ बूट फेल्युअर.

माझ्या आधी गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्यानं विंडोजची सीडी घालून ‘जुनं काढून नवीन टाकू का’ असं विचारलं. शिपाई काकांनी त्याला अडवलं. “ज्यांनी बसवलंय ते साहेब येईपर्यंत हात लावायचा नाही,” म्हणाले. त्या मुलानं पुढचं एक बटण दाबलं असतं तर मला लिहायला काही उरलं नसतं. समोर काय आहे ते कळत नसताना डिस्क पुसायला निघणारे लोक या धंद्यात फार झाले आहेत, आणि त्यांना कुणी जाब विचारत नाही.

ती ओळ वाचून मला उलट हायसं वाटलं. ओपनसर्व्हरमध्ये डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा विभाग असतो, त्यात बूट प्रोग्रॅम आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, राहतात. डेटा असतो तो रूट विभाग वेगळा. बिघाड पहिल्या विभागात होता. म्हणजे कुलूप गंजलेलं, घर बहुधा शाबूत. कर्नल फ्लॉपीवरून चढवायचा आणि बूटच्या ओळीत त्याला सांगायचं की रूट हार्ड डिस्कवरच आहे, एचडी ४२ या विभागावर. डिस्क काढून लिनक्सला का जोडली नाही, असं मला नंतर तीन जणांनी विचारलं. ओपनसर्व्हरची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एचटीएफएस. लिनक्सला ती वाचता येत नाही. आत जायचं तर एससीओच्याच दारानं.

मदरबोर्डवरचा सेल मेलेला होता, तो बदलला, सेटिंगमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह पुन्हा दाखवला. मग बुरशीकडे वळलो. फ्लॉपीच्या कवचाच्या कडेला ब्लेड घालून चकती बाहेर काढली. धागे न सुटणारं फडकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं करून दोन्ही बाजू मधून कडेकडे पुसल्या, गोल गोल नाही, कारण ट्रॅकच्या दिशेनं ओरखडा गेला तर सलग माहिती जाते. दुसऱ्या एका फ्लॉपीचं स्वच्छ कवच घेऊन चकती त्यात बसवली. ड्राइव्हचं हेडही पुसलं. तासाभराचं काम, पण घाईत करण्यासारखं नाही.

बूटचा प्रॉम्प्ट आला. एंटर दाबलं. टिंबं उमटू लागली, ड्राइव्ह कर्र कर्र करत पंधरा वर्षांपूर्वीचा कर्नल वाचत होता. काका माझ्या मागे हात जोडून उभे होते. टिंबं संपली, ड्रायव्हरांची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या भागांची, यादी सरकली, आणि मग पॅनिक, म्हणजे कर्नल तिथेच थांबला. रूट डिव्हाइस उघडता येत नाही, एरर १९. म्हणजे ते डिव्हाइसच कर्नलच्या ओळखीचं नाही.

खुर्चीवर बसलो आणि २००१ सालचा मे महिना आठवला. वळवाच्या पावसात वीज पडून या मशीनचा मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क जोडणारं स्कझी कार्ड जळालं होतं. आधीच्या कंपनीचं कार्ड मिळेना, म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून दुसऱ्या कंपनीची दोन कार्डं आणली. एक इथे, एक खेडच्या संस्थेत. नव्या कार्डाचा ड्रायव्हर घातला, कर्नल पुन्हा लिंक केला, म्हणजे तो ड्रायव्हर घेऊन नव्यानं बांधला, टेपवरून डेटा चढवला. सगळं झालं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मला पुण्याची शेवटची गाडी गाठायची होती. कर्नल बदलला की इमर्जन्सीच्या फ्लॉप्या नव्यानं करायच्या, हे मी प्रत्येक ठिकाणी शिकवत असे. त्यासाठी ‘एमकेडेव्ह एफडी’ ही एक आज्ञा आणि वीस मिनिटं पुरतात. त्या रात्री मी ती दिली नाही. पुढच्या खेपेला करू म्हटलं. तिजोरीत माझ्या सहीची डबी पडून राहिली आणि सगळे त्या सहीवर विसंबून राहिले. दरवर्षी ऑडिटरनं ‘आपत्कालीन फ्लॉपी आहे का’ यापुढे ‘होय’ लिहिलं. ती चालते का, हे तपासायचा रकानाच नव्हता. पण तो रकाना माझा होता, ऑडिटरचा नव्हे.

तेच कार्ड आणि तीच आवृत्ती आता एकाच ठिकाणी चालू होती, खेडला. तिथल्या कर्नलची बूट फ्लॉपी इथे चालायला हवी.

फ्लॉप्या कुठून आणायच्या हा पुढचा प्रश्न. सोनीनं २०११मध्येच त्या बनवणं थांबवलं. चिपळूणच्या बाजारात एका स्टेशनरीवाल्याकडे दहाचा सीलबंद खोका मिळाला. फॉरमॅट करून पडताळल्या तर दहातल्या दोनच शेवटच्या ट्रॅकपर्यंत गेल्या. ८० ट्रॅक, दोन बाजू, १८ सेक्टर, ५१२ बाइट: १४,७४,५६० बाइटांतला एकही सेक्टर खराब असेल तर बूट फ्लॉपी म्हणून ती फुकट. कर्नल आधीच दाबून जेमतेम बसवलेला असतो, खराब जागा वगळून लिहायला वाव नाही. शेवटी भोसरी एमआयडीसीतला एक मित्र आठवला. त्याच्या कारखान्यात संगणकानं चालणाऱ्या जुन्या सीएनसी मशीनवर तेव्हाही फ्लॉपीनंच प्रोग्रॅम चढत. त्यानं एअर कंडिशनमध्ये ठेवलेल्या सहा फ्लॉप्या एसटी पार्सलनं पाठवल्या. सहाही चांगल्या निघाल्या.

परशुराम घाटात दरड आली होती, एका बाजूनं वाहनं सोडत होते. तीस किलोमीटरला अडीच तास लागले. खेडच्या संस्थेतल्या मॅडमनी मशीन कापडानं पुसून तयार ठेवलं होतं. दर सोमवारी त्या ते रीतसर बंद करून पुन्हा चालू करतात आणि वहीत वेळ लिहितात. मला भेटलेल्यांपैकी सोळा वर्षं अशी शिस्त पाळलेलं हे एकच माणूस. तिथेही अडचण आलीच. अनेक टर्मिनलं जोडणाऱ्या मल्टिपोर्ट कार्डाच्या आणि नेटवर्कच्या ड्रायव्हरांमुळे कर्नल फ्लॉपीत मावेना. ते ड्रायव्हर वगळून फ्लॉपीपुरता वेगळा कर्नल लिंक केला. बूट आणि रूट दोन्ही फ्लॉप्या झाल्या. तिथल्या तिथे त्यावरून बूट करून पाहिलं, चालल्या.

चिपळूणला परत आलो, फ्लॉपी घातली. रीड एरर. दुसरी प्रत, तोच प्रकार.

त्या रात्री लॉजवर पडून होतो. १९९९ची बुरशी धुतलेली फ्लॉपी हा ड्राइव्ह वाचतो आणि काल केलेली कोरी करकरीत फ्लॉपी वाचत नाही, हे कसं? पहाटे उलगडा झाला. इंचाला १३५ ट्रॅक, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये पाव मिलिमीटरचंही अंतर नाही. हेड जागेवरून किंचित सरकलेलं असेल तर तो ड्राइव्ह स्वतःनं लिहिलेलं बिनतक्रार वाचतो, दुसऱ्यानं लिहिलेलं त्याला लागत नाही. जुनी फ्लॉपी मी याच ड्राइव्हवर केली होती. हा ड्राइव्ह पहिल्या दिवसापासून वाकडा होता, आणि दुसरीकडची फ्लॉपी त्यात कधी घालावीच लागली नाही म्हणून कुणाला कळलं नाही.

चांगला ड्राइव्ह खेडला होता, पण तो मागून तिथलं मशीन उघडं टाकणं मला बरोबर वाटेना. उलट करायचं ठरवलं. वाकडा ड्राइव्ह काढला, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि पुन्हा घाट चढलो. तो तिथल्या मशीनला जोडायचा, म्हणजे मशीन बंद करायचं, मागची वीज काढायची. सोळा वर्षांचं यंत्र पुन्हा चालू होईलच याची हमी मी देऊ शकत नव्हतो. मॅडमना तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, “भाऊ, कालच्या फ्लॉप्या आमच्याकडे राहतात ना? मग करा.”

मी केबल काढली, वळवलेल्या तारांच्या पुढच्या कनेक्टरला वाकडा ड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. डिस्कचा आवाज चढला, मेमरीची मोजणी सुरू झाली. तेव्हा कुठे श्वास घेतला. दोन संच केले, त्याच वाकड्या हेडनं लिहिलेले. मग त्यांचा ड्राइव्ह परत बसवून, मशीन चालू करून दाखवून निघालो.

चिपळूणला संध्याकाळी साडेसहाला टिंबं उमटायला लागली. रूटसाठी एचडी ४२, स्वॅपसाठी, म्हणजे मेमरीच्या जोडजागेसाठी, एचडी ४१. ड्रायव्हरांची यादी सरकली, कार्डाची ओळ आली, डिस्कची ओळ आली, आणि देखभालीसाठी रूटचा, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड मागणारा प्रॉम्प्ट. तो पासवर्ड काकांनी जपलेल्या जुन्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर होता. फाइलसिस्टिम तपासून घेतली. चार फाइली सुट्या निघाल्या, सगळ्या प्रिंटच्या रांगेतल्या. खातेवहीच्या ६४ एमबीच्या डीबीएफ (डेटाबेस) फाइली जागच्या जागी होत्या. त्यात मोकळ्या जागाच फार, दाबल्यावर ९ एमबी झाल्या. सीरियल केबलनं ९६०० बॉडनं लॅपटॉपवर यायला अडीच तासांच्या वर लागले. रात्री दहाला अवसायक साहेबांच्या समोर १९९९ सालचं एक कर्जखातं उघडलं, हप्त्यांसकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्या उताऱ्यांना लागू.”

माझ्या सहीच्या डब्या अजून चार ठिकाणी असायला हव्यात. घरी आल्यावर सगळीकडे फोन केले. दोन ठिकाणी मशीन केव्हाच भंगारात गेलं आहे. एका ठिकाणचा नंबर बंद. चौथ्या ठिकाणच्या क्लार्कनं उत्साहानं सांगितलं, “आहेत ना साहेब, तुमच्या फ्लॉप्या लॉकरमध्ये जपून ठेवल्यात. वेळ आली तर लागतील म्हणून.” त्यांच्या मशीनचं कार्ड मी २००२मध्ये बदललं होतं. भोसरीच्या तीन फ्लॉप्या शिल्लक आहेत. सोमवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.