एका कानाचा दावा

आज विमा कंपनीचे पत्र आले की, उजवा कान उत्तम असल्याने कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवण उपकरणाची, आवश्यकता सिद्ध होत नाही. डावा कान गेल्यापासून सोबतचे लोक उजव्या कानाकडे राहावेत म्हणून मी रिक्षात मुद्दाम डाव्या टोकाला बसतो, आणि मागून हाक आली तर ती कुठून आली हे मला कळत नाही. हे त्यांच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? क्रॉस नावाचे श्रवणयंत्र बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडेच वळवते, शिवाय श्रवणयंत्राचा खर्च माझ्या पॉलिसीतून वगळलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही बहिरेपणासाठी दोन्ही कानांचीच अट आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) एकतर्फी बहिरेपणासाठी २०१९ मध्ये इम्प्लांटला दिलेली मान्यता, ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) आणि डॉक्टरांचे पत्र जोडून मी संध्याकाळी कंपनीकडे लेखी तक्रार पाठवली. महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करीन. तिथे निदान शुल्क तरी नाही.