मूल झालं की पीसीओएस जातं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पीसीओएस म्हणजे अंडाशय आणि हार्मोन यांचा बिघाड, ज्यात पाळी लांबते. इंदूरच्या मराठी घरांत लेकीचं लग्न ठरायला लागलं की आई हळूच विचारते, 'एक मूल झालं की हिचं पीसीओएस जाईल ना?' जात नाही. चाळिशीकडे अनेकींची पाळी आपणहून नियमित होते, पण इन्शुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या हार्मोनचा, बिघाड राहतोच. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्यामुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, बीज सुटत नाही, पाळी लांबते. अंगाने बारीक असलेल्या मुलींतही हे असतं.

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती मागेपुढे होणारच. तीन वर्षांनंतरही अंतर 35 दिवसांहून जास्त राहिलं, तर दाखवा. मात्र पहिली 8 वर्षं सोनोग्राफीवरून निदान करायचं नसतं. त्या वयात निरोगी अंडाशयातही पुष्कळ बीजकोश दिसतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन) आधी तपासून घ्या.

हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना 90 दिवस पाळी आली नाही, तर थांबू नका. आधी गर्भ राहिलेला नाही ना ते बघा, कारण अधूनमधून बीज सुटतंच. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं बनत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून पाळी आणण्याच्या गोळ्या देतात. 'हार्मोनच्या गोळ्या नकोत' म्हणून त्या टाळणं मला जास्त घातक वाटतं.

मूल हवं असेल तर बीज सुटण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला. दिवस राहण्याआधी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखरेची चाचणी करा, आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा.

खाण्याचं म्हणाल, तर सकाळचे पोहे सोडू नका. उसळ पोहे घ्या, शेव चिमूटभर. जिलबी मात्र रोजची नको. रात्री उशिरा सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणंही क्वचितच बरं.

पाळी गेल्यावरही साखर दर 1 ते 3 वर्षांनी तपासायची. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही. हनुवटीवरचे थोडे केस जुनेच असतात. पण साठीत ते अचानक दाट झाले, आवाज जाड झाला, तर जुनं पीसीओएस समजून बसू नका. लगेच टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासा; अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ नाही ना, हे बघावं लागतं.