स्पेस ट्रकिंगनंतरची भैरवी

माझ्या 'मेड इन जपान'चा, म्हणजे डीप पर्पल या रॉक बँडच्या लाइव्ह अल्बमच्या कॅसेटचा, शेवट भैरवीने होतो. मस्करी नाही, खरंच. वीस मिनिटांचं 'स्पेस ट्रकिन' आपटून धोपटून संपतं, ओसाकाचं पब्लिक टाळ्या वाजवतं, मग एक खट्ट असा आवाज येतो आणि तानपुरे सुरू होतात.

झालं असं की ९६-९७ साल असेल, मी नववीत, आम्ही डोंबिवलीत राहायचो. आतेभाऊ दादरला, त्याला मी दादाच म्हणायचो, आणि घरात रॉक ऐकणारा तो एकटाच. तो म्हणाला नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आण, तुला एक चीज भरून देतो. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे कुठले, मग बाबांच्या कपाटातली एक उचलली. बाबा आकाशवाणीवरच्या मैफली टेप करून ठेवायचे आणि वर परत काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरच्या त्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या स्क्रूड्रायव्हरने तोडून टाकायचे. पण त्या खाचांवर सेलोटेप चिकटवला की काम होतं हे शाळेतल्या कुठल्याही पोराला माहीत होतं. चिकटवला. दादाने भरून दिलं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, दुसऱ्या बाजूची दोन गाणी मिळून तीस, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं बाबांचं जुनं रेकॉर्डिंग तसंच राहिलं, आणि मैफलीचा शेवट म्हणजे अर्थातच भैरवी.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते वेगळं.

तर 'मेड इन जपान'. डीप पर्पलला हा अल्बम करायचाच नव्हता. जपानी रेकॉर्ड कंपनीने हट्ट धरला, फक्त जपानपुरता काढू म्हणाली, बँड म्हणाला ठीक आहे, पण रेकॉर्डिंग आमचा माणूस करणार, म्हणजे मार्टिन बर्च. आठ ट्रॅकचं मशीन, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टेप करणारं. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुडोकान. तीन रात्री, त्यातनं निवडून सात गाणी. सगळ्यात जास्त माल १६ तारखेच्या रात्रीचा, 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'स्पेस ट्रकिन' ही चारही त्याच रात्रीची. 'स्मोक ऑन द वॉटर' आदल्या दिवशीचं. गंमत बघा, ते गाणं तेव्हा अजून 'ते गाणं' झालेलंच नव्हतं, त्याचं सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, १९७३ मधे आलं. आज गिटारच्या क्लासला गेलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात जी रिफ, म्हणजे गिटारवरची छोटी धून, वाजवतो ती ओसाकाच्या लोकांनी फक्त एक नवीन गाणं म्हणून ऐकली असणार. मला त्या लोकांचा फार हेवा वाटतो.

आणि ते पब्लिक. 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीला जॉन लॉर्डचा ऑर्गन एवढा हळू आहे की आपल्याकडे कोणीतरी नक्की शिट्टी मारली असती. तिथे शांत. पण झोपलेले नाहीत हां, ऐकतायत. शांत बसलेलं आणि कंटाळलेलं यातला फरक टेपवर सुद्धा कळतो, कसा ते मला सांगता येणार नाही पण कळतो.

माझ्या कॅसेटमधे अजून एक भानगड होती. पहिल्या बाजूला 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' शेवटचं. त्यात गायक इयन गिलन आणि गिटारवाला रिची ब्लॅकमोर यांचं एक चालतं, गिटार एक तुकडा वाजवते, गिलन तो तसाच्या तसा गळ्यातून काढतो, मग अजून वर, अजून वर, आणि सगळ्यात शेवटी गिलन एक किंकाळी मारतो ती थांबतच नाही. माझी टेप नेमकी तिथे संपायची. आऽऽऽ आणि खट्ट. कित्येक वर्षं मला माहीतच नव्हतं की ती किंकाळी संपते आणि त्यानंतर गाणं परत जागेवर येतं. पुढे सीडीवर ऐकलं तेव्हा खरं सांगतो थोडा हिरमोड झाला.

बाबांचा अबोला पण याच गाण्याने सुटला. मी दार लावून ऐकत होतो, ते दारात येऊन उभे राहिले, मला वाटलं आता पडते. तर म्हणाले, "सवाल-जवाब चाललेत की रे यांचे." आणि बसले. भैरवी येईपर्यंत बसले. भैरवी आली तेव्हा म्हणाले हे बरं ठेवलंस.

मला लाइव्ह अल्बम कधी विचित्र वाटले नाहीत त्याचं कारण हेच असावं. माझ्या बऱ्याच मित्रांना ते आवडत नाहीत, म्हणतात स्टुडिओत सगळं नीट असताना हे गोंगाटातलं कशाला. पण आमच्या घरात गाणं म्हणजे मुळात मैफलच, त्यात कोणी खोकणार, कोणी 'क्या बात है' म्हणणार, तबलजी मधेच हातोडी घेऊन ठोकाठोक करणार, हे सगळं गाण्याचाच भाग. समोर कोणी बसलेलंच नाही आणि माणूस एकटाच काचेच्या खोलीत हेडफोन लावून गातोय हे उलट मला अजून जरा विचित्र वाटतं.

दुसरा अल्बम, 'द हू' या बँडचा 'लाइव्ह ॲट लीड्स'. हा मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली पहिली सीडी, पहिल्या पगाराची. याची जन्मकथा मस्त आहे. अमेरिकेच्या दौऱ्यात यांनी ढीगभर शो टेप करून ठेवलेले, पण घरी आल्यावर ते सगळे ऐकून निवडत कोण बसणार, म्हणून त्यांच्या गिटारवाल्या पीट टाउनशेंडने साउंडवाल्याला सांगितलं जाळून टाक. सगळे! मग नव्याने दोन शो लावले, १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स युनिव्हर्सिटीच्या जेवणाच्या हॉलमधे आणि दुसऱ्या दिवशी हल नावाच्या शहरात. हलच्या टेपवर सुरुवातीच्या गाण्यांना बेसच आलेला नव्हता. म्हणून लीड्स. नाहीतर आज सगळे 'लाइव्ह ॲट हल' म्हणत बसले असते. कव्हर म्हणजे साधा खाकी पुठ्ठा आणि त्यावर शिक्का, त्या काळच्या चोरट्या बूटलेग रेकॉर्डसारखं मुद्दाम केलेलं. आणि टेपवर कडकड आवाज येत होते तर रेकॉर्डच्या लेबलवरच लिहून टाकलं की कडकड आहे ती असू द्या, दुरुस्त करू नका. हा आत्मविश्वास!

मूळ रेकॉर्डवर फक्त सहा गाणी होती, १९९५ च्या सीडीत बरीच वाढवली. माझ्याकडे ती वाढवलेलीच आहे पण मी ऐकतो ती त्या सहा गाण्यांची यादी करूनच. ढोल, बेस, गिटार, फक्त तीन वाद्यं आणि तिघंही एकाच वेळी सोलो वाजवतायत असं वाटतं, तरी पडत नाही. ड्रमर कीथ मून ताल धरतोय का ताल सोडून पळतोय ते शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

आता फसवाफसवीबद्दल. लाइव्ह म्हणून विकलेलं सगळं लाइव्ह नसतं हे कळलं तेव्हा मला फार लागलं होतं. 'किस' या बँडचा १९७५ चा 'अलाइव्ह!' बऱ्यापैकी स्टुडिओत परत वाजवून नीट केलेला. थिन लिझीच्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चं तर भांडणच आहे, प्रोड्यूसर टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो पाऊण भाग स्टुडिओत परत केला, बँडकडचे म्हणतात पाऊण भाग खरा आहे. किस मी तेव्हापासून ऐकला नाही. थिन लिझी मात्र अजून ऐकतो, आणि यात काही न्याय नाही हे मला मान्य आहे.

ऑलमन ब्रदर्स या बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट' मात्र माझ्यासाठी सगळ्यांच्या वर. न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट थिएटर, मार्च १९७१, प्रोड्यूसर टॉम डाउड. दोन गिटार, दोन ड्रमर. दोन रेकॉर्डच्या चार बाजू, त्यातल्या चौथ्या बाजूला फक्त एकच गाणं, 'व्हिपिंग पोस्ट', तेवीस मिनिटं. सुरू व्हायच्या आधी पब्लिकमधला एक जण ओरडतो "व्हिपिंग पोस्ट!" आणि स्टेजवरून उत्तर येतं की बरोब्बर ओळखलंस. मग बेस एकटा सुरू होतो. हे मी बाबांना मुद्दाम ऐकवलं, ते तबला शिकलेले, मला बघायचं होतं काय करतात. डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा म्हणाले, "अकरा. तीन तीन तीन दोन. रुद्र आहे हा, अकरा मात्रांचा." आणि गाणं सुरू झाल्यावर ते सोप्या तालावर येतं तेव्हा "हां, आता जेवायला बसले" असं म्हणाले. या गाण्यावरचा यापेक्षा चांगला अभिप्राय मी कुठे वाचलेला नाही.

मधे एका ठिकाणी सगळे इतके खाली येतात की वाटतं संपलं. कोणीच संपवत नाही. ड्वेन ऑलमन दोन सूर टाकतो, दुसरा गिटारवाला डिकी बेट्स त्याची वाट बघतो, आणि मग परत चढायला लागतात. गाणं संपल्यावर पण थांबत नाहीत, सरळ पुढच्यात शिरतात आणि तिथेच रेकॉर्डवर आवाज हळूहळू बंद केलाय. ते पुढचं म्हणजे 'माउंटन जॅम', तेहतीस मिनिटांचं, पुढच्या वर्षीच्या 'ईट अ पीच'वर आलं. तोवर ड्वेन गेला होता, २९ ऑक्टोबर १९७१, मोटरसायकलचा अपघात, वय चोवीस. अल्बम जुलैमधे आलेला. फिलमोर ईस्ट तर त्याच्याही आधी, जूनमधेच बंद पडलं.

निर्वाणा या बँडच्या 'अनप्लग्ड' अल्बमबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय, स्टेजवरच्या लिली आणि मेणबत्त्या वगैरे. मी एवढंच म्हणेन की शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत गायक कर्ट कोबेन मधेच थांबून एक श्वास घेतो, तेवढा श्वास परत ऐका.

आणि मेडन. आयर्न मेडनचा 'लाइव्ह आफ्टर डेथ', १९८५, लाँग बीच. आधी चर्चिलचं भाषण, मग 'एसेस हाय'. हे मला आणि दादाला श्वासासकट पाठ होतं. दादा रंगभवनच्या काळातला, धोबीतलावच्या त्या उघड्या थिएटरात आय-रॉक या रॉक महोत्सवाला घामाघूम होऊन आलेला माणूस, पुढे आवाजाच्या नियमांमुळे तिथलं सगळं बंद झालं तेव्हा घरात सुतक असल्यासारखा वागत होता. त्यामुळे १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत, बीकेसीला येणार म्हटल्यावर तो दुपारी चारलाच जाऊन उभा. नवीन वर्ल्ड टूरचा पहिलाच शो, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत दौरा करणार, आणि सुरुवात 'एसेस हाय'नेच. मी शुक्रवारचं ऑफिस संपवून निघालो. रिक्षा कलानगरला जी अडकली ती अडकलीच, शेवटी उतरून पळत सुटलो, गेटवर लांब रांग, आणि रांगेत असतानाच पलीकडून चर्चिल बोलायला लागला. मी आत पोचलो तेव्हा 'टू मिनिट्स टू मिडनाइट' सुरू होतं.

पुढच्या वर्षी त्या टूरचा लाइव्ह अल्बम 'फ्लाइट ६६६' आला. सोळा गाणी, प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. दादाने फोनवर यादी वाचून दाखवली, पहिलंच गाणं, 'एसेस हाय', मुंबई. आणि हसायला लागला, थांबेचना, फोन वहिनीकडे द्यावा लागला.

ते मी हेडफोन लावून बऱ्याच वेळा ऐकलंय. हजारो लोक ओरडतायत, त्यात दादा आहे. मी तेव्हा गेटवर सिक्युरिटीवाल्याला सांगत होतो की अहो ही पाण्याची बाटली नाही, डबा आहे, आणि तो म्हणत होता उघडून दाखवा.