उघड्या टपाची जुनी गाडी आणि वेल्समधले घाटरस्ते

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरजवळच्या एका खेड्यात विक्रीला असलेली २००३ सालची निळी माझदा एमएक्स-५ पाहायला आम्ही गेलो, तेव्हा बाबांनी मला बॉनेट उघडू दिले नाही. ते आधी दरवाज्याखालच्या पट्टीशी गुडघे टेकून बसले आणि बोटाच्या पेराने पत्रा वाजवत मागच्या चाकापर्यंत सरकत गेले. वाईकडच्या साखर कारखान्यात ताडपत्रीच्या टपाच्या जीपगाड्या त्यांनी तीस वर्षे सांभाळल्या आहेत. "इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं, कुजलेल्या पत्र्याला मात्र ठिगळंच लावावी लागतात," एवढेच ते म्हणाले. पुढच्या तीन दिवसांच्या प्रवासाइतकेच त्या पंधरा मिनिटांनी मला शिकवले, म्हणून सुरुवात खरेदीपासून करते.

१९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली ही दोन आसनांची गाडी एप्रिल २०१६ मध्ये दहा लाख गाड्यांच्या उत्पादनाला पोहोचली. त्यामुळे जुन्या गाड्या भरपूर मिळतात, सुटे भागही सहज मिळतात, आणि स्पोर्ट्स कार असूनही तिचा खर्च नोकरदार माणसाला झेपतो. उघडझाप करणारे पुढचे दिवे हवे असतील तर १९९७ पर्यंतची पहिली पिढी पाहावी. मी मात्र जाणीवपूर्वक दुसरी पिढी निवडली, कारण तिच्या टपाला मागे प्लास्टिकऐवजी काच आहे. पहिल्या पिढीत टप खाली घेण्यापूर्वी प्लास्टिकची खिडकी चेन उघडून सोडवावी लागते, आणि ते विसरल्यास किंवा थंडीत घाई केल्यास प्लास्टिकला घडी पडून ते तडकते.

या गाडीचे मुख्य दुखणे पाणी आहे. टपावर पडलेले पावसाचे पाणी आसनांच्या मागे, दोन्ही बाजूंना असलेल्या छिद्रांतून खाली उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही छिद्रे पालापाचोळ्याने बुजतात, पाणी दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीत साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंज दोन्हीकडून पत्रा खात येतो. म्हणून पाहायला जाताना पाण्याची छोटी बाटली जवळ ठेवावी, विक्रेत्याची परवानगी घेऊन त्या छिद्रांत थोडे पाणी सोडावे आणि ते खाली धारेने पडते का हे पाहावे. आसनांमागचा गालिचा हाताने दाबून ओल तपासावी. दुसऱ्या पिढीत आणखी एक जागा फार महत्त्वाची असते: पुढच्या सस्पेन्शनजवळचे चेसिसचे दुपदरी दांडे. ते आतून गंजतात, आणि बाहेर दिसेपर्यंत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेलेला असतो. त्याआधी पाहिलेल्या एका गाडीच्या तळाला नुकताच काळा जाड लेप दिलेला होता. लेप कशावर दिला आहे हे दाखवायला विक्रेता तयार होईना, म्हणून आम्ही ती सोडून दिली. आजही तो निर्णय मला योग्य वाटतो.

घरून निघण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकावरून सरकारी संकेतस्थळावर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीचा इतिहास विनामूल्य पाहता येतो. त्यात दरवर्षीचे मैल आणि तपासनीसाचे शेरे असतात. 'गंज' हा शब्द कोणत्या वर्षी पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी तो दुरुस्तीमुळे गेला की नुसताच नाहीसा झाला, हे बारकाईने वाचावे. इंजिनातला टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो; आमच्या गाडीचे ६८,००० मैल झाले होते आणि बेल्ट बदलल्याची पावती होती. सौदा २,४०० पौंडांना ठरला. विक्रेत्याने भरलेला रोड टॅक्स नव्या मालकाकडे येत नाही, म्हणून लॉगबुकची (गाडीच्या नोंदणीपत्राची) हिरवी पावती घेऊन तिथेच फोनवरून कर भरला. विमा सकाळीच सुरू केला होता.

मग टप खाली घेतला. काचेच्या वरच्या कडेला दोन खटके आहेत. ते सोडून आसनावर बसल्या बसल्याच टप मागे ढकलता येतो. कापड मात्र कोरडे हवे. ओला टप घडी करून ठेवला तर त्याला बुरशी येते.

ए-४० या रस्त्याने रॉस, मॉनमथ आणि अॅबरगव्हेनी करत आम्ही संध्याकाळी ब्रेकनला पोहोचलो. मे महिना असूनही बाबांनी कानटोपी आणि मफलर सोडला नाही, आणि ते अगदी बरोबर होते. खिडक्यांच्या काचा वर, हीटर पायांवर आणि डोके झाकलेले, एवढे केले की दहा-बारा अंशांतही तासन् तास टप उघडा ठेवता येतो. दुपारी ऊन कोवळे वाटले तरी कान आणि कपाळ भाजते, म्हणून सनस्क्रीन लावावे. सामानासाठी कापडी पिशव्याच न्याव्यात. डिकीत बॅटरी आणि जादा चाक असल्याने कडक सूटकेस बसत नाही.

दुसऱ्या दिवशी लँडोव्हरीहून ए-४०६९ धरला. लँगाडॉगनंतर कुंपणे संपतात, झाडे विरळ होतात आणि रस्ता वळणे घेत ब्लॅक माउंटनवर चढतो. माथ्याजवळ चुनखडीच्या जुन्या खाणी आहेत, तिथे गाडी उभी करून मागचे खोरे अवश्य पाहावे. पसरणीच्या घाटात वाढलेल्या मला वळणांचे अप्रूप नव्हते. पण उघड्या गाडीत त्या वळणांबरोबर ओल्या गवताचा वास, ओढ्याचा आवाज आणि मेंढ्यांचे बें-बें हे सगळे आत येते. सुमारे एक टन वजनाची ही गाडी स्टिअरिंगच्या अगदी लहान हालचालीलाही लगेच उत्तर देते. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत या अर्थाची जपानी संज्ञा तिच्या निर्मात्यांनी समोर ठेवली होती, आणि ताशी चाळीस मैलांनाच तिचा अर्थ कळतो. अधिक वेगाची गरज नाही, आणि तो सुरक्षितही नाही: मेंढ्या वळणाआड रस्त्यातच बसलेल्या असतात. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी २० मैल आहे, हेही ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या दिवशी रेयाडरला पेट्रोलची टाकी भरून घेतली, कारण पुढच्या डोंगररस्त्यावर पंप नाही. एलन खोऱ्यातल्या धरणांपाशी बाबा तासभर रमले. १९०४ पासून इथले पाणी सुमारे ७३ मैल लांब बर्मिंगहॅमला पंपाशिवाय, केवळ उतारावर जाते, हे वाचून त्यांना धोम धरणाच्या कालव्यांची आठवण झाली आणि त्यांनी भिंतीचे दगड हात लावून पाहिले. पुढे कुमिस्टविथच्या अरुंद रस्त्यावर पाऊस आला. हलकी सर वेगात काचेवरून निघून जाते, पण तिथे वेग घेता येत नव्हता. म्हणून रुंद जागा पाहून थांबलो आणि टप ओढून खटके लावले.

अॅबरिस्टविथला समुद्रासमोर गाडी उभी केल्यावर बाबांनी आसन पुढे घेतले, मागचा गालिचा दाबून पाहिला आणि कोरडा हात मला दाखवला.